‘तू मागून ये आरामात’ म्हणणाऱ्या लीडर मंडळींना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या मोटरसायकल ग्रुपांचे अ‍ॅडमिन, लीडर आणि जुने रायडर यांस,

राम राम मंडळी.

मी भुसावळचा. सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून झाली. २०२२ साली रेल्वेने आमच्या पदाचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण तोवर मी घरी बसलो होतो, त्यामुळे मी गार्डच राहिलो. रविवारी सकाळी तुमच्या आरशात सगळ्यात मागे पिवळ्या जॅकेटातला जो म्हातारा दिसतो, तो मीच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर मी पालला आलोय, अजिंठ्याच्या घाटात आलोय, तोरणमाळला आलोय. तुमच्या हातचा चहा प्यायलोय. म्हणून हे पत्र तिऱ्हाईताचं समजू नका. वाचताना कोणाला वाटेल की हे आपल्यालाच टोचून लिहिलंय, तर वाटू द्या. ज्यांना टोचायचं त्यांच्यात माझा पहिला नंबर आहे, ते पुढे येईलच.

माझं भांडण एका वाक्याशी आहे.

पहाटे साडेपाच-सहाला आपण पेट्रोल पंपावर जमतो. दहा-बारा गाड्या. कोणी चेनला तेल मारतोय, कोणी हवा बघतोय, बाकीचे फोटो काढतायत. एका कडेला एखादा नवा पोरगा उभा असतो. शोरूमच्या हाराचा दोरा अजून हँडलला, सीटच्या कडेला प्लास्टिक तसंच. तो भीत भीत विचारतो, “दादा, मी पहिल्यांदाच येतोय, कसं करू?” लीडर त्याच्या पाठीवर थाप मारतो नि म्हणतो, “टेन्शन नको घेऊ भो, तू मागून ये आरामात.”

फार मायेनं म्हणतो. मीही म्हणायचो. पण मंडळी, मागून येणाऱ्याला आराम नसतो. चाळीस गाड्यांच्या लायनीत बसा नाहीतर सहाच्या, सगळ्यात जास्त पळावं लागतं ते शेवटच्याला.

हे मला मोटरसायकलने नाही शिकवलं, ब्रेकव्हॅनने शिकवलं, म्हणजे मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो त्याने. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची मालगाडी असते. दोन वाघिणींमधल्या कपलिंगमध्ये थोडी थोडी ढील असते. इंजिन हळूच सुटतं, पहिली वाघीण ओढली जाते, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक कपलिंगची ढील निघत निघत शेवटी जो झटका ब्रेकव्हॅनला बसतो, त्याने हातातला चहा छतावर उडालेला मी पाहिलाय. इंजिनमधल्या ड्रायव्हरला वाटतं, काय मस्त हळुवार सुटलो. मागे गार्ड भिंतीला धडकलेला असतो.

आपल्या लायनीत नेमकं हेच होतं. हिशोब करून बघा. दहा गाड्या सावद्याजवळच्या एखाद्या गतिरोधकावर आल्या. प्रत्येक जण पुढच्याच्या तीन सेकंदांनंतर तो ओलांडतो. म्हणजे दहावा सुटतो तेव्हा पहिल्याला सुटून २७ सेकंद झालेले असतात. पहिल्याने तेवढ्यात ताशी ६० चा वेग धरलेला असतो आणि तो चारेकशे मीटर पुढे असतो. मध्ये केळीच्या बागेचं एक वळण आलं की संपलंच, दिसेनासा होतो. नवा पोरगा घाबरतो. रस्ता माहीत नाही, मागे पडलो तर सगळे हसतील, फोन खिशात, हेल्मेट डोक्यावर. मग तो एकच गोष्ट करतो, रेस पिळतो. ७५, ८०, ८५. ज्याच्या हाताला साठही नीट बसलेली नाही तो ऐंशीने पळतोय, आणि पुढे लीडर चहावर सांगतोय, आज आपण किती निवांत आलो, साठच्या वर काटा गेला नाही. बरोबर आहे. त्याचा गेला नाही.

आता चहाचंच घ्या. लीडर येऊन दहा मिनिटं झालेली असतात. पाणी पिऊन, हात-पाय मोकळे करून, दुसरा कटिंग सांगून होतो. शेवटून येणारा पोचतो, गाडी लावतो, हेल्मेटची क्लिप सोडतो, तेवढ्यात पुढून हाक येते, “चला रे, ऊन चढतंय.” म्हणजे जो सगळ्यात जास्त दमला त्याला विश्रांती सगळ्यात कमी. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, आणि इतकी वर्षं मला त्यात काही चूक दिसली नाही, याची मला लाज वाटते.

आता माझी गोष्ट.

२०१९ चा जानेवारी. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि मला लीडर व्हायची हौस होती. चाळीसगावकडून कन्नड घाट चढून वर गेलो, जेवलो, परत उतरायला लागलो. नऊ गाड्या. नववा एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. गाडी शिकला होता वडिलांच्या स्प्लेंडरवर, सुमारे ११० किलोच्या. नोकरी लागली म्हणून घेतली होती क्लासिक ३५०, सुमारे १९० किलोची. ऐंशीएक किलोंचा फरक हा. सपाट रस्त्यावर तो कळत नाही, उतारावरच्या वळणात कळतो. मी त्याला सकाळीच ते वाक्य सांगून मोकळा झालो होतो.

आम्ही घाटाच्या पायथ्याला येऊन थांबलो. भजी सांगितली. वीस मिनिटं झाली तरी कोणाच्या लक्षात आलं नाही की आपण आठच आहोत. एका कारवाल्याने गाडी थांबवून सांगितलं, “तुमचा एक माणूस वर कठड्याला पडलाय.”

कॉलरबोन मोडलं होतं. बाकी वाचला. दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी गेलो तर तो मलाच म्हणाला, “सॉरी काका, तुमची ट्रिप खराब झाली.”

नोकरीत मालगाडी स्टेशनातून पास होताना स्टेशनमास्तर शेवटच्या डब्यावरची एलव्हीची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची पाटी बघतो. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, मध्ये काही तुटून राहिलं नाही. पाटी दिसली नाही तर सेक्शन बंद, मागची गाडी सोडायची नाही, शोध सुरू. ही शिस्त ज्याच्या हाडात मुरली तो माणूस घाटातून एक वाघीण कमी घेऊन उतरला होता आणि भजी खात होता. त्या पोराने दोन महिन्यांत गाडी विकली. पुन्हा आला नाही.

नंतर त्याच्याशी बोलून काय झालं ते मी समजून घेतलं, कारण ते तुमच्या पोरांनाही होणार आहे. उतारावर पेट्रोल वाचतं म्हणून तो गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचा. घरात तसंच चालत आलं होतं. गाडीला धरून ठेवणारा इंजिनचा जोर गेला, सगळा भार ब्रेकवर आला. आणि ब्रेक म्हणजे त्याच्या लेखी फक्त पायाचा, मागचा. पुढचा लावायचा नाही, तोंडावर पडशील, हे आपल्याकडे प्रत्येक बाप प्रत्येक पोराला सांगतो. खरं तर ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं झालं, पण जो पुढचा लिव्हर दाबतच नाही त्याला पुढच्या चाकाचं एबीएस काय कामाचं? तर मागचं चाक घासत, गाडी वळणाबाहेर चालली, आणि त्याने घाबरून कठड्याकडे बघितलं. तिथेच बघत राहिला. नजर जिकडे जाते तिकडे गाडी जाते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही आठ जण होतो, आठ जणांच्या मिळून शंभरेक वर्षं गाड्या चालवून झाल्या होत्या, आणि कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी लीडर होणं सोडलं आणि जिथे माझी जन्माची जागा होती तिथे, शेवटच्या गाडीवर येऊन बसलो.

तर मागणी अशी आहे. नव्याला दोन नंबरला घ्या. लीडरच्या लगेच मागे. तिथे त्याला कुणाला गाठावं लागत नाही. लीडर कुठून वळण धरतो, कुठे ब्रेक सोडतो, खड्डा टाळायला किती आधी सरकतो, हे सगळं त्याला समोर दिसतं. शेतात नवा गोऱ्हा जुंपताना आपण काय करतो? जुन्या, सरळ चालीच्या बैलाच्या जोडीला लावतो. त्याला मोकळा सोडून ‘मागून ये’ कोणी म्हणत नाही.

आणि वेग त्याने ठरवायचा. लीडरने आपल्या गाडीचा दम बघायचा नाही, आरशातला दोन नंबर बघायचा. त्याचे खांदे कानाला लागलेत, कोपर ताठ झालेत, प्रत्येक ट्रकला ब्रेकलाइट लागतोय, तर वेग जास्त आहे. पन्नास म्हणजे पन्नास. ज्यांना राहवत नाही त्यांनी दुसरा ग्रुप करून पुढे जावं आणि सावद्याला भेटावं, त्यात कमीपणा काही नाही. दहा-बाराच्या ऐवजी सहा-सातच्या दोन लायनी केव्हाही बऱ्या. एका लायनीत नवखे दोनच. दुसरा चार नंबरला, मध्ये एक जाणता.

शेवटी मात्र सगळ्यात पक्का माणूस. ज्याला पंक्चर काढता येतं, तुटलेली क्लच केबल बदलता येते, ज्याच्या डिकीत दोरी, टॉर्च, मलमपट्टी आणि ओआरएस असतं, आणि मुख्य म्हणजे ज्याला पुढे काय चाललंय याची घाई नसते. मालगाडीत गार्डाने हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आपल्याकडेही शेवटच्याने अंगठा दाखवल्याशिवाय लीडरने क्लच सोडू नये. आणि विश्रांतीची दहा मिनिटं शेवटची गाडी लागल्यापासून मोजावीत. चौफुली आली की लायनीतल्या एका जाणत्याने तिथेच थांबावं, शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलू नये. हे काही माझं डोकं नाही, जगभर ग्रुप असेच चालतात. फक्त थांबायचं काम नव्याला देऊ नका, नाहीतर त्याला परत एकदा गाठायला पळावं लागेल.

हातवाऱ्यांचंही एक सांगतो. खड्डा दाखवा, वेग कमी करा, एका लायनीत या, अशा खुणा जुन्यांनी कराव्यात. नव्याने त्या मागे पोचवायच्या नाहीत. त्याचे दोन्ही हात हँडलवर असू द्यात, आधी तेवढं जमू द्या.

सगळ्यात जास्त भीती मला ओव्हरटेकची वाटते. कापसाचा ट्रॅक्टर दोन्ही बाजूंनी फुगलेला, निम्मा रस्ता अडवून चाललेला असतो. लीडर बघतो, डिपर देतो, निघून जातो. दोन नंबर त्याच्या मागोमाग निघतो, समोर न बघता. “पुढचा गेला म्हणून मी गेलो” हे वाक्य मी निदान दहा जणांकडून ऐकलंय. एक मोटरसायकल जाईल एवढी मोकळी जागा दोघांना पुरतेच असं नाही. प्रत्येकाने स्वतः बाहेर डोकावून, स्वतः बघून, स्वतः ठरवायचं. पाच मिनिटं ट्रॅक्टरमागे काढावी लागली तर काढायची. आणि लीडरने ओव्हरटेक झाल्यावर लगेच डावीकडे येऊन हळू होऊ नये, मागच्याला आत यायला जागा लागते, ती सोडत पुढे जावं. उसाच्या ट्रॉल्यांबद्दल मी काय सांगणार, त्यांना मागे दिवाच नसतो. अंधार पडायच्या आत घरी या म्हणजे झालं.

आता शिकवण्याबद्दल. तुम्ही शिकवत नाही असं नाही. उलट फार शिकवता. चहाच्या टपरीवर एका नव्याभोवती सात जुने उभे असतात. एक म्हणतो पुढचा ब्रेक लावायचाच नाही, दुसरा म्हणतो मागचा लावायचाच नाही. तिसरा म्हणतो वळणात क्लच दाब, चौथा म्हणतो दाबलास तर मेलास. पाचवा स्वतःची लडाखची गोष्ट सुरू करतो. (लडाखची गोष्ट प्रत्येकाकडे आहे. माझ्याकडे नाही, म्हणून मी बहुतेक चिडतो.) पोरगा सगळ्यांना हो हो म्हणतो आणि गाडीवर बसल्यावर त्याच्या डोक्यात काहीही राहिलेलं नसतं.

एका नव्याला एकच जुना द्या. ठरवून, नाव सांगून, निदान सहा रविवार. बाकीच्यांनी त्या पोराला चहा पाजावा, सल्ला पाजू नये. आणि त्या जुन्यानेही एका रविवारी एकच गोष्ट काढावी. आज फक्त नजर. “वळणात तू जवळचा रस्ता बघतोस, लांबचा बघ, वळण जिथे संपतं तिथे.” पुढच्या रविवारी फक्त अंतर. पुढच्याची गाडी एखाद्या झाडापासून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हण, तेवढ्यात तू त्या झाडाशी पोचलास तर फार जवळ आहेस. साठच्या वेगात दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर, तेवढे लागतातच. सांगायचं ते बाजूला घेऊन सांगायचं. दहा जणांत झापलेला पोरगा पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतो, आणखी काही नाही.

रेल्वेत नवा गार्ड असो की ड्रायव्हर, अनोळखी सेक्शनवर त्याला एकट्याला सोडत नाहीत. आधी जाणत्याबरोबर फेऱ्या कराव्या लागतात, त्याला आम्ही ‘रोड लर्निंग’ म्हणायचो. सिग्नल कुठल्या बाजूला, चढ कुठे सुरू होतो, कुठल्या पुलावर वेगाची बंदी, सगळं बघायचं, मग सही करायची. आपल्या पोराला आरटीओत आठ काढला की लायसन्स मिळतं. आठ काढणं वाईट नाही, पण आठाच्या आकड्यात समोरून ट्रक येत नाही.

म्हणून रस्त्यावर न्यायच्या आधी एक-दोन संध्याकाळी मैदानावर घ्या. जागा कुठे, असं विचारू नका. आपल्या भागात जिनिंगची काय कमी? पावसाळ्याच्या महिन्यांत कापूस नसतो, जिनिंगची आवारं रिकामी पडलेली असतात, बऱ्याच ठिकाणी फरशी सिमेंटची. मालकांपैकी कोणी ना कोणी तुमच्या ओळखीचा असतोच, तोंड उघडून विचारा. आम्ही तिथे चार विटा ठेवतो. चाळीसच्या वेगाने यायचं आणि पहिल्या विटेशी ब्रेक लावायचा, दोन्ही. पुढचा लिव्हर झटकन ओढायचा नाही, लिंबू पिळतो तसा पिळत न्यायचा. पहिल्यांदा सगळे चौथ्या विटेच्या पुढे जातात. दहाव्यांदा दुसऱ्या विटेशी उभे राहतात आणि पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मी घरून उपाशी निघतो. मग अर्धा क्लच, अगदी चालण्याच्या वेगात वळणं. मग गाडी पडली तर उचलायची कशी, पाठ तिला टेकवून, पायांच्या जोरावर. हे शेवटचं आधी शिकवा, गाडी पडण्याची निम्मी भीती त्यानेच जाते.

रस्तेही क्रमाने द्या. आम्ही पहिल्या रविवारी चांगदेवला जातो, तापी-पूर्णेच्या संगमावर. सपाट रस्ता. मग यावल, फैजपूर, सावदा, केळीच्या पट्ट्यातून. तिथे रस्त्याच्या कडेला घड भरायला ट्रक उभे असतात, गडी मधूनच रस्ता ओलांडतात, वेग कमी ठेवायला आपोआप शिकतात पोरं. मग एरंडोलकडून पद्मालय. मग पाल. घाट म्हणून अजिंठ्याचा, आणि तोरणमाळ सगळ्यात शेवटी. धुळ्याच्या मंडळींनी लळिंग-सोनगीरपासून सुरुवात करावी, नंदुरबारच्यांना प्रकाशा आहेच. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या जिथे फिरतात तिथे वारा आडवा येतो. नवा माणूस हँडल आवळून धरतो, आणि जेवढं आवळतो तेवढी गाडी जास्त डुलते. तिथे नेण्याआधी हे सांगून न्या. आणि पहिल्या पावसात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणलेला असतो, तो साबणासारखा असतो. तिथे ब्रेक नाही, झुकणं नाही, सरळ आणि हळू. मे महिन्यात नव्यांना घेऊन दहाच्या पुढे रस्त्यावर राहूच नका. ४५ अंशांत जुन्यांचंही डोकं चालत नाही.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. “आम्हाला कोणी शिकवलं?” कोणी नाही, हे खरं. आपल्या वेळी रस्ते रिकामे होते, गाड्या शंभर सीसीच्या होत्या आणि आपल्यातले जे शिकता शिकता गेले ते आज हे वाक्य बोलायला इथे नाहीत. “नवे आले की राइडची मजा जाते.” थोडी जाते. महिन्यातून एक रविवार स्वतःसाठी ठेवा, जा तिकडे तोरणमाळला नि वळणं मारा. “उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर.” ही भीती मला कळते. पण तो पोरगा तुमच्या ग्रुपचा स्टिकर लावून तुमच्याच मागे पळत असतो. त्याला शिकवलं नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही, फक्त शेवटी असल्यामुळे तुम्हाला ती दिसत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, ती मी सांगतो. दोन नंबरला बसायला पोरंच तयार होत नाहीत. दोन नंबर म्हणजे ‘शिकाऊ’ असा शिक्का. त्यात ज्याने एकदम चारशे सीसीची गाडी उचलली त्याला तर अपमानच वाटतो. त्यावर आम्ही एक केलं. दोन नंबरच्या गाडीला काही नाव दिलं नाही, पण नाश्ता कुठे करायचा हे दोन नंबरवाला ठरवणार, असा नियम केला. तुम्हाला माहीत आहे, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर शेवभाजी कुठली आणि भरीत कुठलं यावर चाळीस मेसेज पडतात आणि शेवटी कोण राहणार यावर एकही पडत नाही. आता त्या जागेसाठी भांडणं होतात.

आमच्याकडे बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आली होती, दोन वर्षांपूर्वी. तोवर दुसऱ्या एका ग्रुपबरोबर दोनदा गेली होती. तिथेही तिला मागून यायला सांगितलं होतं, आणि वर प्रत्येक थांब्यावर “बाई असून चांगली चालवते हं.” तिसऱ्यांदा गेली नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला, “मी हळू चालले तर चालेल ना?” पाच रविवार ती दोन नंबरला होती. पहिल्या रविवारी आम्ही चांगदेवला पोचायला जवळजवळ दुप्पट वेळ घेतला, आणि एका जुन्या मित्राने वैतागून तीनदा घड्याळ बघितलं. सहाव्या रविवारी अजिंठ्याच्या घाटात ती उतरताना मी मागून बघत होतो. ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरत होती. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेकलाइट बंद, मान पुढच्या वळणाकडे. मला कन्नडचा तो पोरगा आठवला. त्याला फार काही कमी नव्हतं. त्याला फक्त चुकीच्या जागी उभं केलं होतं, मी.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने शेवटच्या गाडीवर तीच होती. माझी टॉर्च अजून परत दिलेली नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. तुमच्यातले तीन लीडर मागच्या महिन्यात मागे मित्राला उघड्या डोक्याने बसवून आलेले मी बघितले. नवा पोरगा तुमचं बोलणं ऐकत नाही, तुमच्याकडे बघतो.

येत्या रविवारी भुसावळहून यावल रोडला, तापीच्या पुलाच्या अलीकडे, पहाटे साडेपाचला आम्ही सात जण जमतोय. सावद्यापर्यंत जाणार. तुमच्या ग्रुपमधला एखादा नवा असेल आणि त्याच्याबरोबर यायला एक जुना तयार असेल, तर दोघांनाही पाठवा. टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवायला सांगा. नाश्त्याला कुठे थांबायचं ते मला विचारू नका, दोन नंबरला विचारा.

तुमचाच,
शेवटच्या गाडीवरचा गार्ड
भुसावळ